शेऱ्याचा रकाना

९ एप्रिल, मंगळवार सकाळ

भाऊजी,

मोबाइलचा टॉवर परवा जळाला. तेव्हापासून फोन म्हणजे नुसतं घड्याळ झालंय, म्हणून हे पत्र. पाण्याचा टँकर घेऊन येणारा ड्रायव्हर रोज तुमच्या ऑफिसवरून जातो म्हणाला. त्याला इथे सगळे भोंग्या म्हणतात, कारण समोर कोणी असो नसो, प्रत्येक वळणावर तो भोंगा वाजवतो. त्याच्या हाती देतेय.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. धुराने आईंचा खोकला वाढलाय, पण बोलणं कमी झालेलं नाही, तेव्हा काळजी करू नका. वणवा अजून गावामागच्या दुसऱ्या डोंगरावर आहे. शिलाई मशीनवर मात्र रोज राखेचा थर बसतो. पांढरं कापड शिवायला घेणं मी बंद केलंय.

आता खरं कारण. काल दुपारी मी नदीवरच्या पंपापाशी रांगेत होते. परत आले तर आपल्या फाटकाला नारिंगी फीत बांधलेली. नायलॉनची, दोन बोटं रुंद, रिळावरून फाडून घेतलेली. गाठ घाईत मारलेली. आईंना विचारलं, कोण आलं होतं? म्हणाल्या, कोणी नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आला होता एक, मी हाकलला." यापुढे त्या ताकाला तूर लागू देत नाहीत.

शेजारच्या फाटकाला फीत नाही. समोरच्याही नाही. मग आपल्यालाच का? तुमच्या दादांना जाऊन सहा वर्षं झाली, पण फाटक त्यांनी रंगवलेलं तसंच आहे. त्याच्यावर परक्या माणसाने गाठ मारलेली मला आवडली नाही.

वणव्याचा नकाशा तुमच्या हाताखालून जातो हे सगळ्या गावाला माहीत आहे. लोक मला विचारतात, दीर काय म्हणतो? मी काय सांगू? ती फीत कसली आहे ते सरळ दोन ओळीत कळवा.

तुमची,
वहिनी


१० एप्रिल, बुधवार

वहिनी,

पत्र मिळालं. घाईत लिहितोय. आमचं वणवा नियंत्रणाचं ऑफिस कॉलेजच्या व्यायामशाळेत हलवलंय. नकाशा टेबल-टेनिसच्या टेबलावर पसरलाय, जाळीचे खांब अजून तसेच आहेत, त्यात माझी बाही रोज अडकते. चौदा माणसं, एक पंखा, आणि वायरलेसची खरखर. चार दिवस मी याच हॉलमध्ये आहे.

फितीला हात लावू नका. ती सरकारी खूण आहे. यापेक्षा जास्त मला लिहिता येणार नाही. काळजीचं कारण नाही.

मला मात्र काही गोष्टी उलट टपाली हव्या आहेत. आईला ओटीच्या पायऱ्या स्वतः उतरता येतात का? मागचं दार रुंद की पुढचं? आईची खाट दारातून सरळ बाहेर निघते की आडवी करावी लागते? दिवसा घराला आतून कडी असते का? फाटकापासून रस्त्यापर्यंत गाडी येते ना?

शुक्रवारी बारा तारखेला गाव हलवायला ट्रक येतील. तुम्ही आणि आई पहिल्या ट्रकमध्ये बसा. मदत छावणी तालुक्याच्या शाळेत आहे. तिथे खाटा आहेत, डॉक्टर आहे. आई ऐकणार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल, हेही माहीत आहे.

आणखी एक. माझं पत्र गावात वाचून दाखवू नका.

धाकटा


११ एप्रिल, गुरुवार दुपार

भाऊजी,

दोन ओळीत उत्तर मागितलं होतं. तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि त्यात उत्तर सोडून सगळं आहे.

दाराची रुंदी कशाला हवी? खाट बाहेर निघते का, कडी कधी असते, गाडी कुठपर्यंत येते. हे प्रश्न घर रिकामं करायला येणारा विचारतो. आईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "त्याला सांग, मला न्यायचं असेल तर खाटेसकट ने, आणि खाट काढायला भिंत पाड." म्हणजे पायऱ्यांचं उत्तर तुम्हाला मिळालं.

तुमच्या मनात काय आहे ते मला कळत नाही असं समजू नका. दोन वर्षांपूर्वी तुम्ही आईंना शहरात घेऊन गेलात. चौथ्या दिवशी त्या परत आल्या. मीच निरोप पाठवून बोलावलं असं तुम्ही अजून धरून बसला आहात. मी बोलावलं नव्हतं. त्यांना तुमची लिफ्ट आवडली नाही, एवढंच. आता वणव्याचं निमित्त मिळालंय.

पण हे आपल्या घरातलं झालं. आज सकाळी मी गावातून एक फेरी मारली. तेवीस घरांपैकी सात फाटकांवर फीत आहे. आपलं एक. मास्तरांचं, त्यांना आता दिवसाही फारसं दिसत नाही. बहिऱ्या माळ्याचं. दोघी बहिणींचं, त्यातली थोरली वर्षभर अंथरुणावर आहे. निवृत्त नर्सबाईंचं, त्या शेळ्या सोडून कुठे जात नाहीत. गिरणीवाल्या आजोबांचं. आणि सुतार नवरा-बायकोचं. सुतार तर छपरावर पाण्याचा पाइप घेऊन बसणार म्हणतो, बायको खाली शिडी धरून.

मी घरी येऊन चहा टाकला आणि तो उतू जाईपर्यंत विचार करत राहिले. मग डोक्यात प्रकाश पडला. गेल्या वर्षी तुमचं खातं नदीपलीकडे, जुन्या जंगलाच्या कडेने, चाळीस फूट रुंद पट्टा तोडून काढणार होतं. जाळरेषा, वणवा पुढे सरकू नये म्हणून. दोनशे वर्षांची झाडं पडणार होती. तेव्हा सोळा घरांनी सह्या दिल्या आणि सात घरांनी दिल्या नाहीत, म्हणून काम अडलं. हीच सात. एकही इकडचं तिकडे नाही.

आता तुम्हीच सांगा, मनात पाल चुकचुकणार नाही तर काय होईल?

सरळ विचारते. आपलं गाव तुमच्या रेषेच्या आत आहे की बाहेर? म्हणजे वाचवायच्या यादीत आहे की सोडून द्यायच्या?

वहिनी


१२ एप्रिल, शुक्रवार पहाट

वहिनी,

तुमचं पत्र आलं तेव्हा पाकिटाची कड ओली होती आणि पुन्हा चिकटवल्यासारखी वाटत होती. कोणीतरी फोडलं, किंवा घाम लागला. मला दोन्ही शक्य वाटतं. म्हणून रेषेविषयी मी काही लिहिणार नाही. विचारू नका.

गावात फितींची चर्चा चालू आहे हे इथपर्यंत आलंय. "नकाशावाल्याच्या वहिनीने सात घरं मोजली," असं टँकरवर पाणी भरणारा माणूस इथल्या चहावाल्याला सांगत होता. तुम्ही पत्रात जे लिहिता ते आधी गावभर फिरून मग माझ्याकडे येतं का? मी तुम्हाला काही सांगायचं तरी कशाच्या भरवशावर?

सह्यांचा आणि फितींचा काहीही संबंध नाही. यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण फितीला हात लावू नका. तुम्हीच नाही, कोणीच नाही.

आज ट्रक येतील. आईला घेऊन बसा. हात जोडतो.

धाकटा


१३ एप्रिल, शनिवार दुपार

भाऊजी,

काल ट्रक आले. सोळा घरं गेली. कोंबड्या, गाद्या, एक शिवणयंत्र (माझं नाही), आणि सरपंचांचा टीव्ही. आम्ही सात घरं राहिलो. दहा माणसं. आईंना मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर काठी बसली असती. त्यांना सोडून मी जाणार नाही हे तुम्हाला माहीत होतंच.

ट्रकवाल्या माणसाला मी विचारलं, आमच्या फितींचं काय? त्याने माझ्याकडे पाहिलं, फितीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तुमची परवा व्यवस्था होईल." व्यवस्था! आणि हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

आज सकाळी भोंग्या आला. त्याच्या टँकरच्या काचेवर चिकटवलेला एक कागद वाऱ्याने उलटा झाला होता. शेजारी उभ्या मास्तरांना दिसत नाही, पण मला दिसतं. त्यावर नदी होती, नदीकाठाने लाल रेघ होती, आणि लाल रेघेवर लिहिलं होतं, "उलटी आग, रविवार, सकाळी ९." भोंग्याला विचारलं. तो म्हणाला, ताई, वणव्याच्या अंगावर आपणच आधी आग लावायची, म्हणजे तो येईपर्यंत त्याला जळायला काही उरत नाही. कुठून लावणार? नदीकाठाने, वरच्या अंगाला. आणि वरच्या अंगाला काय आहे? तो टँकरची तोटी आवळू लागला. वरच्या अंगाला आपलं गाव आहे.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर टँकरच्या काचेवर चिकटवलेलं होतं. तुम्ही ते मला लिहिलं नाहीत. "काळजीचं कारण नाही" असं लिहिलंत.

तुम्ही नकाशेवाले आहात. नकाशेवाल्याला घर म्हणजे ठिपका. तुम्ही खोडरबर घेतला आणि स्वतःच्या आईचा ठिपका पुसलात. वर खूण केलीत, की हे सोडा, यांनी सही दिली नव्हती. तुमच्या दादांनी तुम्हाला सायकल शिकवली ती याच फाटकाला धरून. त्यांनी हे पाहिलं नाही ते बरं झालं.

ती खूण मी राहू देणार नाही. तासाभरापूर्वी माझी कापडाची मोठी कात्री घेऊन सातही घरं फिरले आणि सातही फिती कापल्या. मास्तर म्हणाले, कापू नका बाई, सरकारी वस्तू आहे. मी म्हटलं, आपणही सरकारीच आहोत, आपल्याला जाळतायत. मग ते म्हणाले, कापा. फिती माझ्या टोपलीत आहेत. उद्या तुमची माणसं आली की कोणतं घर सोडायचं हे त्यांना कळणार नाही. सगळी तेवीस वाचवावी लागतील.

भोंग्या खाली टँकर भरतोय, त्याच्याकडे हे देते. वाचा, आणि तुमच्या सायबालाही दाखवा.

तुमच्या दादांची बायको


१६ एप्रिल, मंगळवार
प्रति, मदत छावणी, तालुका शाळा

वहिनी,

तुम्ही दहाही जण छावणीत सुखरूप आहात, ही यादी काल संध्याकाळी हातात आली. मी ती तीनदा वाचली. आईचं वय त्यांनी कमी करून एकाहत्तर लावलंय, ते तिला सांगू नका, डोक्यावर बसेल.

तुमच्या अकरा तारखेच्या पत्रानंतर मला पत्र नाही. रागावला असाल. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा सगळं लिहितो.

होय, गाव रेषेच्या बाहेर होतं. नदी अरुंद आहे, वणवा ती ओलांडणार हे दिसत होतं. पलीकडे जुनं जंगल आणि जंगलामागे नऊ गावं. नदीकाठाने उलटी आग लावणं एवढाच उपाय होता, आणि त्यात आपली तेवीस घरं बहुतेक गेली असती. ती रेघ मीच काढली. घरं जातील, माणसं नाही, असा हिशोब होता.

फीत माणसांसाठी होती. जे घर स्वतःहून निघणार नाही किंवा निघू शकणार नाही, त्याच्या फाटकावर फीत. आंधळा, बहिरा, अंथरुणावरचा, हट्टी. ट्रक जाऊन आले की आमचं पथक फक्त त्या घरांत शिरतं, माणसं उचलून आणतं, आणि निघताना फीत सोडून घेतं. फीत नाही म्हणजे घर रिकामं. आग लावण्यापूर्वी एक गाडी गावातून फिरते, फाटकं बघते, एकही फीत दिसली नाही की मला कळवते, आणि मी सही करतो. दाराची रुंदी त्यासाठी हवी होती. खाट उचलायला किती माणसं लागतील ते मला कळायला हवं होतं.

याचा अर्थ गावाला सांगायचा नाही असा नियम आहे. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या खोऱ्यात लोकांना अर्थ कळला, आणि गाडी आधी यावी म्हणून प्रत्येकाने आपापल्या फाटकावर फडकं बांधलं. आमची माणसं रिकाम्या घरांचे दरवाजे ठोठावत राहिली. पण मी नियमाआड लपत नाही. तुम्हाला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत तेवीस फाटकांवर तेवीस फिती लागतील, असं मला वाटलं. मी तुमच्यावर भरवसा ठेवला नाही.

रविवारी सकाळी साडेसातला पथकाची गाडी गावात गेली. सातपैकी एकाही घरावर फीत नाही. धूर एवढा, की तुम्ही सगळ्यांनी दारं-खिडक्या लावलेल्या. त्यांना वाटलं, दुसऱ्या पथकाने आधीच माणसं नेली. वायरलेसवर आलं, "फिती नाहीत, गाव रिकामं." आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्यासमोर कागद होता. खाली सही करायची, नऊला आग.

त्या कागदावर प्रत्येक घरापुढे एक शेऱ्याचा रकाना असतो. पथकातली पोरं त्यात हमखास काहीतरी लिहितात. "शेळी सोबत घेतली." "आजोबा रडले." आठ तारखेला फीत बांधायला आलेल्यांनी आपल्या घरापुढे लिहिलं होतं, "आजीबाईंनी काठी उगारली. येणार नाही म्हणतात. सून घरी नव्हती." रविवारच्या कागदावर आपल्या घरापुढचा रकाना कोरा होता.

मी त्या कोऱ्या चौकोनाकडे बघत बसलो. साहेब म्हणाले, सही करा. मी म्हटलं, यात माझी आई आहे. ते म्हणाले, मग आनंदाची गोष्ट आहे, ती बाहेर पडली. मी म्हटलं, साहेब, माझ्या आईला चार माणसांनी खाटेसकट उचललं आणि शेरा कोरा? कोणाला शिवी नाही, कोणाला काठी नाही? शक्य नाही. आणि माझी वहिनी कोणाला न विचारता गाडीत बसली, हे तर त्याहून शक्य नाही.

मी सही केली नाही. टँकरवाल्याला वायरलेसवर सांगितलं, पूल ओलांडून वर जा आणि भोंगा वाजवत राहा. कोणी बाहेर येईपर्यंत थांबू नको. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दोन तास दहा मिनिटं गेली. तेवढ्यात वारा फिरला. नदीकाठी आग लावण्याची वेळ निघून गेली आणि वणव्याने नदी ओलांडली. गावावर तो तिरपा आला, म्हणून अकरा घरं उभी आहेत. आपलंही. पण जुन्या जंगलाचा तिसरा हिस्सा गेला. जंगलामागची गावं वाचली, पण दोन दिवस नऊ गावांची माणसं बादल्या घेऊन उभी होती.

चौकशी समिती बसणार आहे. कागदावर गाव रिकामं असताना मी सही का अडवली, हे मला सांगायचंय. "रकाना कोरा होता" हे उत्तर चालणार नाही असं साहेब म्हणतात. फिती कोणी काढल्या, हेही विचारतील. फाटकांवर गाठी तशाच राहिल्यात, त्यांची कड सरळ कापलेली आहे. आमची पोरं दाताने तोडतात. मला संशय आहे, पण मी कोणाचं नाव घेणार नाही.

धाकटा


७ मे, मंगळवार

भाऊजी,

तीन आठवडे तुमचं पत्र उशाखाली ठेवून झोपले. रोज उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे.

छावणीतून आम्ही परवा घरी आलो. स्वयंपाकघराचं छप्पर सुताराने बसवून दिलं. आई खुशीत आहेत. त्या रविवारी भोंग्याने भोंगा वाजवत आणला तो त्यांना आवडलेला नाही, "वरात होती का माझी," म्हणतात. पण त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून आल्या हे ज्याला त्याला सांगतात. मास्तरांनी माळ्याचा हात धरला होता आणि माळ्याने मास्तरांचा. एकाला रस्ता दिसत होता, एकाला भोंगा ऐकू येत होता.

काल भोंग्या आला. टँकर धुताना त्याला काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेमागे एक पाकीट सापडलं. माझं, तेरा तारखेचं. त्या दुपारी ऑफिसने त्याला परस्पर पुलापलीकडे पाठवलं, पाकीट झडपेमागे राहिलं. म्हणजे रविवारी आम्हाला न्यायला आला तेव्हाही ते त्याच्या डोक्यावर होतं. बिचारा कान पकडून उभा राहिला.

मी मनाशी धरून चालले होते की तुम्ही ते पत्र वाचलंत. फिती कापल्याचं तुम्हाला माझ्या पत्रातून कळलं, म्हणून सही अडवलीत, आणि शेऱ्याचं सगळं माझ्यावर बोट येऊ नये म्हणून रचलंत. मला तुमचा मोठेपणा वाटला होता आणि थोडा रागही आला होता. आता कळतंय, तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. नुसता संशय होता.

भाऊजी, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला असता, आपली वहिनी शहाणी आहे, वेळेवर निघाली असेल असं मानलं असतं, तर आम्ही दहा जण आज नसतो.

ते पाकीट सोबत पाठवतेय. फोडलेलं नाही, आतलं मला पाठ आहे. समितीला दाखवा. त्यावर भोंग्याने तारीख आणि वेळ लिहिली आहे, तो प्रत्येक पाकिटावर लिहितो. आत मी फिती कापल्याची कबुली आहे. मला जे व्हायचं ते होईल. कात्री माझी होती.

पण त्यात तुमच्याविषयीही लिहिलंय. दादांचं नाव घेऊन लिहिलंय. तुम्ही ते एकटे असताना वाचा आणि मग ठरवा. मी आता काही परत घेत नाही, कारण लिहिलेलं परत घेता येत नाही. फक्त एवढं सांगते, की तेव्हा मला ते खरं वाटत होतं.

आणखी एक, जे तुम्ही सौजन्याने लिहिलं नाहीत. गेल्या वर्षीची ती जाळरेषा आम्ही अडवली नसती, तर नदी आणि रेषा मिळून वणवा तिथेच थांबला असता, गाव रेषेबाहेर ठेवावं लागलं नसतं. चाळीस फुटांची झाडं वाचवायला गेलो आणि तिसरा हिस्सा गेला. पलीकडच्या काठावर मी काल उभी राहून आले. तिथे आता नदीचा आवाज लांबपर्यंत ऐकू येतो. आधी झाडं तो अडवायची.

वहिनी


११ जून, मंगळवार

वहिनी,

समितीचं काम संपलं.

पाकीट मी फोडलं नाही. वाचून दिलं असतं तर म्हणाले असते, घरच्या घरी तयार केलं. तसंच्या तसं टेबलावर ठेवलं. अध्यक्षांनी कारकुनाकडून फोडून घेतलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं. कारकून फार नेटका आहे, हवामानाचा अंदाज वाचावा तसं वाचत होता. "तुम्ही नकाशेवाले आहात." मग थांबला, ओळ चुकली का म्हणून पुन्हा तेच वाचलं. मागे कोणीतरी खोकलं. सायकलचं आलं तेव्हा मी जाळीच्या त्या खांबाकडे बघत होतो. बाही अजूनही त्यात अडकते.

वाचून झाल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "हे पत्र तुम्हाला त्या दिवशी मिळालं नव्हतं?" नाही. "मिळालं असतं तर?" मी म्हटलं, मिळालं असतं तर फिती कापल्याचं कळलं असतं, सही केली नसती, आणि दोन तास वाचले असते. जंगलही वाचलं असतं कदाचित. पण मी माझ्या वहिनीला आधीच फितीचा अर्थ सांगितला असता, तर पत्राची गरजच नव्हती. हे लिहून घ्या म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

तुम्हाला ताकीद आहे, लेखी, पोस्टाने येईल. फ्रेम करू नका. टँकरवाल्याला काही नाही. मला नकाशाच्या टेबलावरून काढलंय. नेमणूक फिती बांधणाऱ्या पथकावर. साहेबांना वाटतं ही शिक्षा आहे.

नियमही बदललाय. आता फीत बांधताना अर्थ दारात उभं राहून सांगायचा, घरच्यांची सही घ्यायची, आणि शेरा त्यांच्यासमोर लिहायचा. प्रत्येकाने फडकं बांधलं तर काय करायचं, यावर समितीत दोन तास वाद झाला. शेवटी ठरलं, बांधू देत. रिकाम्या घराचं दार ठोठावलं तर फार काही बिघडत नाही.

पुढच्या उन्हाळ्याची तयारी आत्तापासून आहे. माझ्या यादीत पहिलं गाव आपलं, आणि गावात पहिलं घर आपलं. सतरा तारखेला सकाळी येतो. आईला आधी सांगू नका, काठी शोधून ठेवेल. फाटकाला मी गाठ मारेन तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या राहा, नीट मारतो की नाही ते बघा.

कागद आत्ताच तयार करून ठेवलाय. आईपुढचा रकाना तिच्या तोंडून काय निघेल ते ऐकून भरेन. तुमच्या नावापुढचा तुम्हीच भरायचा. मनात येईल ते लिहा, "नकाशेवाला" लिहिलंत तरी चालेल. कोरा तेवढा ठेवू नका.

तुमचा,
धाकटा